अर्थमंत्र्यांना गुण कशाचे द्यायचे?

१९५२ सालच्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत कुलाबा मतदारसंघाने दिल्लीला पाठवलेला माणूस देशाचा अर्थमंत्री होता. पनवेल तालुका तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता; जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते पुढे १९८१ साली. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म महाडजवळच्या नाते गावी, १४ जानेवारी १८९६ चा. आजही पनवेल-पेण-रोहा पट्ट्यात सी. डी. देशमुखांचे नाव निघाले की माणसे अभिमानाने बोलतात. अर्थमंत्री म्हणून ते कसे होते, असे विचारले की मात्र बहुतेकांकडून एकच उत्तर येते: मुंबईसाठी त्यांनी नेहरूंच्या तोंडावर राजीनामा फेकला.

राजीनामा मोठाच होता, पण विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. सहा वर्षे ज्या माणसाच्या हातात देशाची तिजोरी होती, त्याने ती कशी सांभाळली, हा प्रश्न तसाच राहतो. तो आपण देशमुखांबद्दल विचारत नाही आणि आजच्या अर्थमंत्र्यांबद्दलही नीट विचारत नाही, असे मला वाटते. विचारायचा कसा हे आपल्याला कुणी शिकवलेलेच नाही.

दर वर्षी १ फेब्रुवारीला पनवेलहून सुटणाऱ्या लोकलच्या डब्यात अर्थसंकल्पाची चर्चा रंगते. पगारदार माणूस प्राप्तिकराचा स्लॅब बघतो. २०२५ साली १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही असे जाहीर झाले, तेव्हा डबाभर अर्थमंत्री चांगल्या ठरल्या. बाजारपेठेतला दुकानदार जीएसटीवरून गुण देतो, निवृत्त शिक्षक एफडीच्या व्याजावरून, गृहिणी सिलिंडर आणि तेलाच्या डब्यावरून. खिशावरून सरकारची परीक्षा करण्यात गैर काहीच नाही. लोकशाहीत खिशाला मत असतेच. अडचण एवढीच की, आपल्या खिशात ज्यांचे हात असतात त्यांतला अर्थमंत्र्यांचा हात नेमका कोणता, हे ओळखता आले पाहिजे.

महागाईचेच घ्या. २०१६ पासून महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २ ते ६ टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवण्याची जबाबदारी कायद्याने रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीवर आहे. सहा जणांची ही समिती व्याजदर ठरवते. त्यातले तीन सदस्य सरकार नेमते, पण व्याजदराचा आदेश अर्थमंत्री काढत नाहीत. एफडीचे व्याज घटले म्हणून थेट अर्थमंत्र्यांना शिव्या देणे त्यामुळे अर्धेच खरे. जीएसटीचे दर जीएसटी परिषद ठरवते. तिथे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये बहुतेक वस्तू ५ आणि १८ टक्क्यांच्या दोन दरांत बसवल्या गेल्या, त्याचे श्रेय किंवा दोष परिषदेत बसलेल्या राज्यांच्या मंत्र्यांकडेही जातो. कच्च्या तेलाचा भाव आखातात ठरतो आणि कांद्याचा भाव पावसावर.

मग अर्थमंत्र्यांच्या हातात उरते काय? बरेच उरते. कर कुणावर आणि किती, खर्च कशावर, उरलेल्यासाठी कर्ज किती आणि कुणाकडून, हे सगळे त्यांच्या सहीने होते. बँका, विमा, शेअर बाजार यांचे कायदे त्यांच्या खात्यातून येतात. मंत्रिमंडळातल्या प्रत्येक सहकाऱ्याला पैसे हवे असतात, त्यांना नाही म्हणण्याचे कामही त्यांचेच. याखेरीज एक काम असे आहे की ज्याकडे टीव्हीवरच्या चर्चेत कुणी ढुंकूनही बघत नाही: देशाचा हिशेब खरा मांडणे.

अर्थमंत्र्यांच्या एका ओळीचे मोल किती असते ते पनवेलने अगदी जवळून पाहिले आहे. कर्नाळा नागरी सहकारी बँकेत इथल्या हजारो माणसांच्या ठेवी होत्या. बँकेतल्या घोटाळ्याची प्रकरणे बाहेर आली, पैसे काढण्यावर निर्बंध आले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकेचा परवाना रद्द केला. परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेने सांगितले की सुमारे ९५ टक्के ठेवीदारांना त्यांची पूर्ण रक्कम ठेव विमा महामंडळाकडून मिळेल. हे ९५ टक्के कुठून आले? १ फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पी भाषणात निर्मला सीतारामन यांनी ठेवींवरील विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख केली होती. त्याआधीची १ लाखाची मर्यादा १९९३ सालची. मधल्या २७ वर्षांत महागाईने त्या लाखाचा चोथा झाला, सरकारे आली-गेली, नावाजलेले अर्थमंत्री होऊन गेले, पण हा आकडा कुणी हलवला नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या दारात ठेवीदारांचे हाल साऱ्या देशाने पाहिले, तेव्हा कुठे तो हलला.

इथे गुण कसे द्यायचे? ज्यांनी मर्यादा वाढवली त्यांना पूर्ण श्रेय दिले पाहिजे. निवृत्तीचे तीन-चार लाख ठेवलेल्या पनवेलकराच्या दृष्टीने त्या वर्षीच्या दीडशे मिनिटांहून लांब भाषणातले तेवढेच वाक्य मोलाचे होते. पण ज्यांनी २७ वर्षे काही केले नाही त्यांच्या खात्यावर वजाबाकी कोण मांडतो? न केलेल्या कामाचा आवाज होत नाही, म्हणून त्याचे गुण कधीच कापले जात नाहीत. मला ही आपल्या मोजमापातली सर्वांत मोठी खोट वाटते. पाच लाखांची ही मर्यादाही पुन्हा गोठून जाऊ नये, याची आठवण ठेवीदारांनीच वरचेवर करून द्यायला हवी.

दुसरी खोट वेळेची. अर्थमंत्र्यांचा निर्णय आज होतो आणि त्याचे फळ दुसऱ्याच कुणाच्या काळात दिसते. यशवंतराव चव्हाणांचे उदाहरण याबाबत फार बोलके आहे. जून १९७० ते ऑक्टोबर १९७४ हा त्यांचा अर्थमंत्रिपदाचा काळ. या चार वर्षांत बांगलादेशचे निर्वासित आले, १९७१ चे युद्ध झाले, १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राने भोगला आणि १९७३ च्या अखेरीस तेल उत्पादक देशांनी खनिज तेलाचा भाव काही महिन्यांत चौपट केला. त्यांच्या १९७३-७४ च्या अर्थसंकल्पात ५५० कोटींची तूट होती. तो ‘काळा अर्थसंकल्प’ म्हणून आजही सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत सापडतो. महागाईने १९७४ च्या सप्टेंबरपर्यंत ३० टक्क्यांची पातळी ओलांडली.

पण त्याच वर्षीच्या जुलैमध्ये चव्हाणांच्या खात्याने कडू औषध दिले होते. वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीने ठेवीत अडकवला गेला, कंपन्यांच्या लाभांशावर मर्यादा आली, बँकेचे व्याजदर चढवले गेले. कामगार संघटना चिडल्या, उद्योगपती चिडले. सप्टेंबरनंतर भाव उतरू लागले आणि १९७५-७६ मध्ये घाऊक किमती चक्क घटल्या. तोपर्यंत चव्हाण परराष्ट्र खात्यात गेले होते. श्रेय त्यांच्यानंतर आलेल्या सी. सुब्रमण्यम यांना मिळाले, काहींनी ते आणीबाणीला दिले. चव्हाणांच्या नावावर उरला तो काळा अर्थसंकल्प. प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांपर्यंत गेला होता तो त्यांच्याच काळात, हेही खरे. आणि १९७४ च्या अर्थसंकल्पात तो ७७ टक्क्यांवर त्यांनीच आणला, हेही खरे. पहिली गोष्ट सगळ्यांना पाठ आहे.

आता चिंतामणरावांकडे येऊ. त्यांचा हिशेब सविस्तर मांडण्यासारखा आहे, कारण तो बऱ्यापैकी पूर्ण झाला आहे. सत्तर वर्षे उलटली, फळेही दिसली आणि किडीही.

अर्थमंत्री होण्याआधी ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते, १९४३ ते १९४९. म्हणजे बंगालच्या दुष्काळाच्या वर्षी खुर्चीवर आले आणि फाळणीत एका बँकेचे व्यवहार दोन देशांत वाटून देऊन, बँकेचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर उतरले. १९४४ साली अमेरिकेतल्या ब्रेटन वूड्स इथे जागतिक बँक आणि नाणेनिधीचा पाया घातला गेला, त्या परिषदेच्या भारतीय शिष्टमंडळातही ते होते. १९५० साली नेहरूंनी त्यांना अर्थ खाते दिले, तेव्हा ते कोणत्याही पक्षाचे पुढारी नव्हते, आयसीएसमधून आलेले अधिकारी होते.

त्यांच्या काळातले ठोक आकडे देखणे आहेत. १९५१ ते १९५६ या पहिल्या पंचवार्षिक योजनेत राष्ट्रीय उत्पन्नवाढीचे लक्ष्य वर्षाला सुमारे २.१ टक्के होते; वाढ झाली ३.६ टक्के. त्याहून नवल म्हणजे योजना संपली तेव्हा घाऊक किमती ती सुरू झाली त्या वेळेपेक्षा खाली होत्या. त्यानंतरच्या कोणत्याही पंचवार्षिक योजनेला हे साधले नाही. देशमुखांना दहापैकी दहा द्यावेत असा मोह इथेच होतो.

तो आवरला पाहिजे. कोरियाच्या युद्धामुळे १९५०-५१ मध्ये जगभर भाव कडाडले होते आणि १९५२ मध्ये ते आपोआप कोसळले. योजनेची सुरुवात शिखरावर झाली म्हणून शेवट खाली दिसतो. पुढची दोन-तीन वर्षे पाऊस चांगला झाला. रेशनिंग उठवून धान्याचा बाजार मोकळा केला तो अन्नमंत्री रफी अहमद किडवई यांनी. लढाईच्या काळात इंग्लंडकडे साठलेली भारताची स्टर्लिंग शिल्लक हाताशी होती, त्यामुळे आयातीला परकीय चलनाची ददात नव्हती. नशिबाचा एवढा वाटा वजा केल्यावर देशमुखांकडे उरतो तो संयम. हाती पैसा खेळत असताना त्यांनी खर्चाचा घोडा उधळू दिला नाही. ही गोष्ट कागदावर क्षुल्लक दिसते. नंतरच्या अर्थमंत्र्यांनी बरी वर्षे कशी घालवली ते पाहिल्यावर तिचे वजन कळते.

पाऊस आणि युद्धे गेल्यावर मागे जे उरते ते मोजावे, असे मी म्हणेन. देशमुखांच्या बाबतीत मागे दोन मोठ्या संस्था उरल्या आणि पनवेलच्या रस्त्यावर त्या दोन्हींच्या पाट्या आजही दिसतात. रिझर्व्ह बँकेने १९५१ साली ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखाली ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी सुरू केली. धनंजयराव गाडगीळ त्या समितीवर होते. पाहणीत आढळले की शेतकऱ्याच्या कर्जापैकी सुमारे ७० टक्के सावकारांकडून येते, सरकार आणि सहकारी संस्था मिळून ६ टक्क्यांच्या आसपासच देतात. समितीने सुचवले की इंपीरियल बँक सरकारने ताब्यात घेऊन तिला खेड्यांकडे वळवावे. १ जुलै १९५५ रोजी भारतीय स्टेट बँक जन्मली. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडायचे बंधन तिच्यावर कायद्याने घातले गेले आणि ते पाळलेही गेले. सावकार एका दिवसात हटला नाही, पण तालुक्याच्या गावी बँक असते ही कल्पना इथून रुजली.

दुसरी संस्था आयुर्विमा महामंडळ. १९ जानेवारी १९५६ च्या संध्याकाळी देशमुखांनी आकाशवाणीवरून जाहीर केले की आयुर्विमा व्यवसाय सरकार वटहुकमाने ताब्यात घेत आहे. २४५ विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह संस्था एका फटक्यात सरकारकडे आल्या. अनेक कंपन्या बुडाल्या होत्या, पॉलिसीधारकांचे पैसे मालकांच्या इतर धंद्यांत वळवले जात होते. बातमी आधी फुटली असती तर तिजोऱ्या रातोरात रिकाम्या झाल्या असत्या. ती फुटली नाही. कामगिरी म्हणून हे फार कौशल्याचे काम होते. पण पुढच्याच वर्षी याच महामंडळाचा पैसा हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे शेअर घेण्यासाठी वापरला गेला, न्यायमूर्ती छागलांची चौकशी झाली आणि त्यात देशमुखांचे उत्तराधिकारी टी. टी. कृष्णम्माचारी यांचे पद गेले. संस्था उभारणाऱ्याने तिला मंत्र्यांपासून वाचवणारी कुलुपेही घालायला हवी होती, असा आक्षेप देशमुखांवर घेता येतो. मी तो घेतो.

त्यांच्या करांपैकी १९५३ चा मृत्युकर, म्हणजे वारशाने मिळणाऱ्या संपत्तीवरचा कर, फसला. संपत्तीची विषमता कमी होईल असा त्यामागचा हेतू प्रामाणिक होता. प्रत्यक्षात वकिलांची चंगळ झाली, वसुली किरकोळ राहिली आणि १९८५ साली विश्वनाथ प्रताप सिंग यांनी तो काढून टाकला. हे गुण कापायला हरकत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न दुसऱ्या योजनेचा. ४,८०० कोटींच्या या योजनेतले १,२०० कोटी तुटीच्या अर्थभरणातून, म्हणजे साध्या भाषेत नोटा छापून उभे करायचे ठरले. अर्थतज्ज्ञांच्या मंडळातल्या बी. आर. शेणॉय यांनी १९५५ सालीच भिन्नमतपत्रिका लिहून सांगितले की हे झेपणार नाही. त्यांचे कुणी ऐकले नाही. योजना १ एप्रिल १९५६ ला सुरू झाली, देशमुख जुलैमध्ये गेले, आणि १९५७ पासून परकीय चलनाची गंगाजळी झपाट्याने आटू लागली. १९५८ साली जागतिक बँकेच्या पुढाकाराने मदत देणाऱ्या देशांची बैठक बोलवावी लागली. संकट कृष्णम्माचारींच्या कारकिर्दीत आले, तरी ज्या योजनेने ते ओढवले तिच्यासाठी पैशाची तजवीज करणाऱ्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री देशमुख होते. सावध स्वभावाच्या या माणसाला धोका दिसला नसेल हे मला पटत नाही. दिसला असेल तर त्यांनी अडवायला हवे होते.

राजीनाम्याची गंमत अशी की त्याच्या तेजात हा सगळा हिशेब दिसेनासा होतो. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याचे जाहीर केले; विम्याच्या राष्ट्रीयीकरणाच्या तीनच दिवस आधी. देशमुखांनी तेव्हाच राजीनामा देऊ केला होता. तो लांबला आणि २५ जुलैला लोकसभेत त्यांनी निवेदन केले: मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता हा निर्णय झाला आणि मुंबईत आंदोलकांवर झालेल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, असे त्यांचे म्हणणे होते. महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले, योग्यच केले. अर्थमंत्री म्हणून या राजीनाम्याचे गुण द्यायचे असतील तर ते एकाच गोष्टीचे: ज्याला खुर्ची सोडता येते, त्यालाच त्या खुर्चीत बसून नाही म्हणता येते. दुसऱ्या योजनेच्या वेळी त्यांनी ही ताकद वापरली नाही, याचे वाईट वाटते ते म्हणूनच.

हिशेब खरा मांडण्याचा मुद्दा मी वर सोडला होता. तो जुना आहे. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात कारकून होते आणि १८७६-७८ च्या दुष्काळातली उपासमार पाहून १८७९ साली त्यांनी बंड केले. त्या वर्षांत कलकत्त्याला व्हाइसरॉयचे अर्थसदस्य होते सर जॉन स्ट्रेची. दुष्काळनिवारणासाठी म्हणून त्यांनी नवे कर बसवले, आणि तो पैसा अफगाण युद्धाच्या काळात दुसरीकडे वळला. १८८० च्या फेब्रुवारीत स्ट्रेचींनी शिलकीचा, भरभराटीचा अर्थसंकल्प मांडला. काही महिन्यांतच उघड झाले की युद्धाचा खर्च अंदाजाच्या दुपटीहून जास्त झाला आहे आणि तो हिशेबात आलेलाच नाही. दुष्काळात माणसे मेली असताना खोटी आकडेमोड किती क्रूर असू शकते, याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

आजच्या काळात असा लपंडाव कसा ओळखायचा? अर्थसंकल्पाचा कोणताही तक्ता उघडा, त्यात चार रकाने दिसतील: दोन वर्षांपूर्वीच्या प्रत्यक्ष रकमा, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. वर्तमानपत्रे शेवटचा रकाना छापतात. परीक्षा पहिल्या रकान्यात असते. २०१९-२० मध्ये केंद्राच्या राजकोषीय तुटीचा अंदाज ३.३ टक्के होता. फेब्रुवारी २०२० मध्ये तो ३.८ झाला. प्रत्यक्ष आकडा आला तेव्हा तो ४.६ होता, आणि त्या वर्षात कोविडची टाळेबंदी शेवटच्या आठवड्यातच आली होती.

त्याच कागदपत्रांत अन्न अनुदानाची ओळ बघा. २०१९-२० साठी सुमारे १ लाख ८४ हजार कोटी धरले होते, सुधारित अंदाजात ते १ लाख ९ हजार कोटींवर आले. धान्य काही कमी वाटले गेले नव्हते. सरकारने भारतीय अन्न महामंडळाला अनुदान पूर्ण न देता राष्ट्रीय अल्पबचत निधीतून कर्ज घ्यायला लावले होते. ही प्रथा २०१६-१७ पासूनची. अल्पबचत निधी म्हणजे पनवेलच्या पोस्टात मासिक प्राप्ती योजनेत आजी-आजोबांनी ठेवलेले पैसे. त्या पैशातून सरकारचाच खर्च भागत होता आणि तुटीच्या आकड्यात तो दिसत नव्हता. वेगळ्या विवरणपत्रात नोंद होती, पण ते विवरणपत्र किती जण उघडतात? २०२० च्या मार्चपर्यंत महामंडळाच्या डोक्यावर हे कर्ज अडीच लाख कोटींच्या आसपास गेले.

१ फेब्रुवारी २०२१ ला सीतारामन यांनी हे कर्ज फेडायचे ठरवले. त्या वर्षीचा अन्न अनुदानाचा आकडा १ लाख १६ हजार कोटींवरून एकदम ४ लाख २३ हजार कोटींवर गेला. त्यात कोविडकाळातले मोफत धान्य होते आणि मागची उधारीही. राजकोषीय तूट ९.५ टक्के दाखवावी लागली. टीव्हीवर तूट वाढल्याची ओरड झाली. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत चांगला निर्णय आहे. आणि आदल्याच वर्षी त्यांनीच हा खर्च झाकला होता, याचे गुणही कापले पाहिजेत. दोन्ही एकाच पानावर लिहायला आपण शिकलो पाहिजे. एकतर सगळे चांगले नाहीतर सगळे वाईट, असा निकाल राजकीय पक्षांना सोयीचा असतो, नागरिकाला नाही.

तूट पुढे दर वर्षी खाली आली: २०२३-२४ मध्ये अंदाज ५.९ होता, प्रत्यक्ष ५.६, २०२४-२५ मध्ये प्रत्यक्ष ४.८. सांगितले त्यापेक्षा बरे करून दाखवणे हे अलीकडच्या अर्थमंत्र्यांत दुर्मीळ आहे, त्याची नोंद घ्यावी.

राज्याकडे वळलो तर चित्र निराशाजनक आहे. २८ जून २०२४ ला महाराष्ट्राचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला, त्यात लाडकी बहीण योजना आली. महिन्याला १,५०० रुपये, वर्षाला ४६ हजार कोटींचा खर्च अपेक्षित. त्यानंतर पंधरा दिवसही उलटले नव्हते, तोच सुमारे ९५ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या विधिमंडळात आल्या. पुरवणी मागण्या घटनेने मान्य केलेल्या आहेत, आपत्ती आली तर लागतातच. पण अर्थसंकल्पाची शाई वाळण्याआधी एवढी मागणी येत असेल तर अर्थसंकल्प नावाच्या कागदाला अर्थ काय राहिला? बायकांना पैसे द्यावेत की नाही हा वेगळा वाद आहे, आणि माझा त्याला विरोध नाही. देणाऱ्याने कुठून देणार ते आधी सांगावे, एवढेच म्हणणे आहे.

पनवेलसारख्या गावाला आणखी एक सावधगिरी लागते. अटल सेतू आला, विमानतळ आला, जमिनीचे भाव चढले, आणि लोक म्हणतात की सरकारने पैसा ओतला. अटल सेतूसाठी एमएमआरडीएने जपानच्या जायका संस्थेचे कर्ज सरकारी हमीवर घेतले; विमानतळ सिडको आणि खासगी कंपनीच्या भागीदारीतला. यात चुकीचे काही नाही. मात्र अर्थमंत्र्यांच्या भाषणातल्या तुटीच्या आकड्यात यातले बरेचसे येत नाही. हमी म्हणजे उद्याचा संभाव्य खर्च. किती हमी दिल्या आहेत याचा तक्ता राज्याच्या अर्थसंकल्पाबरोबर येतो आणि कॅगच्या वार्षिक अहवालातही असतो.

माझा निकाल विचाराल तर देशमुखांना मी चांगल्या गुणांनी पास करतो: संस्थांसाठी, संयमासाठी, दुसऱ्या योजनेचे आणि आयुर्विम्याच्या उघड्या दारांचे गुण कापून. चव्हाणांना आपण दिले त्याहून जास्त मिळायला हवे होते. आजच्या अर्थमंत्र्यांचा निकाल लावायला अजून काही वर्षे लागतील. तोवर वाचकांना विनंती आहे: येत्या अर्थसंकल्पाच्या दिवशी भाषण ऐकाच, पण संध्याकाळी केंद्राच्या अर्थसंकल्पाचे संकेतस्थळ उघडून दोन वर्षांपूर्वीच्या प्रत्यक्ष रकमांचा रकाना वाचा, आणि राज्याचा ‘अर्थसंकल्प संक्षेपात’ मराठीत मिळतो तोही वाचा. दोन्ही फुकट आहेत. काही ओळी कळणार नाहीत. त्या घेऊन आपल्या आमदार-खासदाराला गाठा आणि उत्तर मागा.